चिठ्ठी घरासाठी, गोळ्या वारीसाठी : सूज उतरवणाऱ्या औषधाचे एक प्रकरण

हे प्रकरण ६२ वर्षांच्या एका वारकरी स्त्रीचे आहे. २०२३ च्या आषाढी वारीत, माउलींच्या पालखीबरोबर चालत असताना, फलटणच्या मुक्कामी त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. निदान मूत्रपिंडाला अचानक झालेल्या इजेचे होते, आणि त्या इजेच्या मुळाशी गुडघेदुखीसाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी रीतसर लिहून दिलेली, योग्य मात्रेची आणि पूर्वी त्यांना मानवलेली एक गोळी होती. त्या गोळ्या माझ्या औषधाच्या दुकानातून गेल्या होत्या. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका बाजारगावात मी फार्मासिस्ट म्हणून काम करतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधे, मात्रा आणि घटनांचा क्रम मात्र सुट्टीच्या कागदांवरून आणि त्यांच्याशी व त्यांच्या मुलाशी झालेल्या बोलण्यावरून मांडला आहे.

चिठ्ठी चुकलेली नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो. ती ज्या दिवसांसाठी लिहिली होती ते दिवस वेगळे होते आणि गोळ्या ज्या दिवसांत खाल्ल्या गेल्या ते वेगळे. हा फरक डॉक्टरांना कळला नाही, कारण त्यांना कोणी सांगितले नाही. मला तो कळला होता, पण मी त्यावर थांबलो नाही.

रुग्ण आणि चिठ्ठी

मावशींचे (गावात सगळे त्यांना मावशीच म्हणतात) वजन ५४ किलो. मधुमेह नाही. रक्तदाबासाठी सहा वर्षे एक गोळी चालू होती. तिच्यात टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅम ही दोन औषधे एकत्र होती. पहिले रक्तवाहिन्या सैल करते, दुसरे लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकून दाब उतरवते. सगळे मिळून तिला 'बीपीची गोळी' म्हणतात, त्यामुळे तिच्यात लघवी वाढवणारे औषधही आहे हे बहुतेक रुग्णांना ठाऊक नसते. मावशींनाही ठाऊक नव्हते. त्या वर्षी फेब्रुवारीत केलेल्या तपासणीत त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा पदार्थ) ०.९ होते, म्हणजे मूत्रपिंडांची तक्रार नव्हती.

दोन्ही गुडघ्यांची झीज होती, उजवा अधिक दुखे. ३ जूनला त्यांनी तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले. असेक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी सकाळी व रात्री जेवणानंतर, ७ दिवस. पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम सकाळी उपाशीपोटी, ७ दिवस. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. लांबचे चालणे टाळणे. बीपीची गोळी चालू ठेवणे. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवणे, असे चिठ्ठीवर होते. असेक्लोफेनॅकची दिवसाची कमाल मात्रा २०० मिलिग्रॅम आहे आणि चिठ्ठीत तेवढीच होती. मुदत थोडी होती, पोटाच्या संरक्षणाचे औषध सोबत होते. अशा वयात आणि अशा बीपीच्या गोळीबरोबर आधी मलमाने सुरुवात करता आली असती असे कोणी म्हणू शकेल, आणि ते म्हणणे मला मान्य आहे. तरी घरी राहणाऱ्या, दोन वेळ जेवणाऱ्या, तहान लागली की पाणी पिणाऱ्या व्यक्तीसाठी सात दिवसांची ही चिठ्ठी वावगी म्हणता येत नाही.

मावशींनी डॉक्टरांना वारीचे सांगितले नव्हते. 'लांबचे चालणे टाळा' असे लिहिणारा माणूस आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालण्याला काय म्हणेल हे त्या जाणून होत्या. मला मात्र त्यांनी काउंटरवर स्वतःहून सांगितले. "गोळ्या जरा जास्तच द्या भाऊ, वाटंत कुठं मेडिकल हुडकायचं?" चिठ्ठी चौदा गोळ्यांची होती आणि मी दहाची तीन पाकिटे दिली. पॅन्टोप्राझोलचे एकच पाकीट घेताना त्या म्हणाल्या की पित्ताच्या इतक्या नकोत, मला पित्त नाही. त्यावरही मी काही बोललो नाही. दुकानात त्या वेळी गर्दी होती. वारीआधीच्या आठवड्यात ती असतेच, आणि जवळपास प्रत्येक तिसरा माणूस दुखण्याच्या गोळ्यांचे पाकीट मागत असतो.

घरी त्यांनी दोन दिवस, म्हणजे चार गोळ्या घेतल्या. बरे वाटले, आणि उरलेल्या २६ गोळ्या वारीत लागतील म्हणून ठेवून दिल्या. सात दिवसांची चिठ्ठी सलग सात दिवसांसाठी असते ही गोष्ट आपण गृहीत धरतो, रुग्ण धरत नाहीत. त्यांच्या लेखी गोळी हा शिधा असतो, दुखणे असेल तेव्हा काढायचा आणि नसेल तेव्हा राखायचा. या शहाणपणात काही वाईट नाही, फक्त त्यामुळे औषध कोणत्या परिस्थितीत पोटात जाईल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

वाटेवरचे दिवस

त्या वर्षी ११ जूनला आळंदीहून प्रस्थान झाले. पाऊस लांबला होता, जूनचा शेवटचा आठवडा येईपर्यंत पुण्याकडे मोसमी पावसाचा पत्ता नव्हता, आणि वारकरी ऐन उन्हात चालत होते.

'सकाळी जेवणानंतर' या शब्दांना दिंडीत अर्थ उरत नाही. पहाटे तीन-साडेतीनला उठून आंघोळ, मग चहा, आणि उजाडायच्या सुमारास चालायला सुरुवात. पहिले जेवण दुपारच्या विसाव्याला, दुसरे तळावर पोचल्यावर रात्री उशिरा. मावशी सकाळची गोळी चार वाजता चहा-बिस्किटाबरोबर घेऊ लागल्या, कारण ती घेतल्याशिवाय गुडघा उचलत नसे. बीपीची गोळीही त्याच वेळी. पॅन्टोप्राझोल त्यांनी पुण्यात असतानाच बंद केले. पोटात जळजळत नव्हते, मग ती कशासाठी घ्यायची, असा त्यांचा हिशेब होता.

पाण्याची गोष्ट त्यांनी मला बऱ्याच उशिरा आणि थोडे संकोचून सांगितली. त्या मुद्दाम कमी पाणी पीत होत्या. रस्त्यावर पुरुष कुठेही आडोसा शोधतो. बाईला फिरती स्वच्छतागृहे दिसेपर्यंत थांबावे लागते, तिथे रांग असते, आणि दिंडी पुढे निघून जाते. म्हणून दिंडीतल्या बहुतेक बायका सकाळी निघताना घोटभरच पाणी पितात. मी इतकी वर्षे 'भरपूर पाणी प्या' असे सांगत आलो आहे. हे कारण मला एकाही स्त्रीने कधी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारले नव्हते.

१४ जूनला योगिनी एकादशी होती. पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांब टप्पा, सुमारे तीस किलोमीटरचा, आणि त्यातच दिवे घाटाचा चढ. उपासामुळे मावशींनी दिवसभरात दोन केळी, मूठभर शेंगदाणे आणि चहा एवढेच घेतले. पहाटेची गोळी घेतलीच होती. संध्याकाळी सासवडच्या तळावर गुडघा सुजून टरटरला, तेव्हा त्या एका सेवाभावी शिबिरात गेल्या आणि तिथे त्यांना दुखण्याचे इंजेक्शन मिळाले. कागदावर ते डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम असल्याची नोंद आहे. आधी काही गोळी घेतली का, असे विचारले गेले की नाही हे त्यांना आठवत नाही. पण विचारले असते तरी आपण 'नाही' म्हटले असते, असे त्या म्हणाल्या, कारण सुईचा आणि गोळीचा काही संबंध असेल असे त्यांना वाटलेच नव्हते. रात्री खिचडी खाऊन त्यांनी चिठ्ठीतली दुसरी गोळी घेतली. तरीही झोप येईना, तेव्हा शेजारच्या राहुटीतल्या बाईंनी आपल्याजवळची एक गोळी दिली. तिच्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम होते.

म्हणजे वीस तासांच्या आत एकाच जातीची तीन औषधे, तीन नावांनी आणि तीन हातांतून, जवळपास उपाशी आणि तहानलेल्या शरीरात गेली. त्यातले पहिले एकटेच दिवसाच्या कमाल मात्रेला पोचलेले होते. मावशींच्या मुलाला पॅरासिटामॉल दोन्हीकडून गेले याची काळजी वाटत होती. तो हिशेब केला तर दिवसाला ९७५ मिलिग्रॅम येतो, आणि तो मुळीच जास्त नाही. काळजी करायची ती दुसऱ्या घटकाची होती, पण पाकिटावरचे ते नाव लांबलचक आणि अनोळखी असल्यामुळे कोणी वाचत नाही.

एवढ्यावरही कदाचित निभावले असते. द्वादशीला सासवडलाच मुक्काम होता, जेवण झाले, विश्रांती मिळाली. पण जेजुरीनंतर, वाल्ह्याच्या तळावर त्यांना जुलाब सुरू झाले. दीड दिवसात सहा-सात वेळा. अन्न जवळपास बंद, लिंबू-सरबत तेवढे चालू. दुखण्याची गोळी मात्र दोन वेळा चालूच राहिली, कारण पाय थांबले तर दिंडी सुटेल ही भीती होती. बीपीची गोळीही चालू राहिली, अगदी वेळेवर. "बीपीची गोळी एक दिवससुद्धा चुकवायची नाही" हे मीच त्यांना सहा वर्षे सांगत आलो होतो.

नीरेचे स्नान करून लोणंदला पोचेपर्यंत लघवी अगदी थोडी आणि गडद होऊ लागली. दिंडीतल्या अनुभवी बायकांनी निदान केले की उन्हाळी लागली आहे, आणि त्यांनी धन्याचे पाणी व सब्जा दिला. हे निदान उन्हात चालणाऱ्यांच्या बाबतीत नऊ वेळा बरोबर ठरते म्हणूनच दहाव्या वेळी ते फसवते. तरडगावच्या तळावर पावले सुजली, चपलेचे पट्टे रुतू लागले. ते चालण्यामुळे असे सर्वांना वाटले. मळमळ सुरू झाली. २१ जूनला पहाटे उलटी झाल्यामुळे गोळी घेता आली नाही. त्याच दिवशी फलटणला पोचताना दिंडीतल्या एका निवृत्त परिचारिकेने त्यांना विचारले, "मावशी, शेवटची लघवी कधी झाली?" उत्तर आले, काल दुपारी. तिने पुढे काहीही न विचारता त्यांना गाडीत बसवले.

रुग्णालयात

रक्तदाब ९६/६०. जीभ कोरडी, पावलांवर सूज. क्रिएटिनिन २.६, युरिया ८४, पोटॅशियम ५.७, तिन्ही वाढलेली. हिमोग्लोबिन ११.२, आणि शौचाला डांबरासारखे काळे होत नव्हते, म्हणजे पोटात रक्तस्राव झाल्याचे चिन्ह नव्हते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे नेहमीच्या आकाराची, मार्गात कुठे अडथळा नाही. हृदयाच्या आलेखात पोटॅशियमचा परिणाम दिसला नाही. डॉक्टरांनी पडशीतली सगळी औषधे बाहेर काढायला लावली. असेक्लोफेनॅकच्या ८ गोळ्या उरल्या होत्या; नऊ दिवसांत १८ गेल्या होत्या. त्याखेरीज आयबुप्रोफेनचे अर्धे पाकीट सापडले, कारण शेजारच्या बाईंनी सासवडनंतर ते मावशींनाच देऊन टाकले होते. त्यातल्या किती घेतल्या हे त्यांना नक्की सांगता आले नाही.

उपचार साधा होता. दुखण्याची सर्व औषधे बंद, बीपीची गोळी तात्पुरती बंद, शिरेतून सलाइन, लघवीचे मोजमाप, पोटॅशियमवर लक्ष. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन १.६ झाले, चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. डायलिसिसची वेळ आली नाही. तीन आठवड्यांनी ते १.० होते. मावशी त्या वर्षी पंढरपूरला पोचल्या त्या मुलाच्या गाडीतून, आणि त्याचे दुःख त्यांना मूत्रपिंडापेक्षा मोठे होते.

शरीरात काय घडले

या जातीच्या औषधांचे काम १९७१ साली जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये उलगडले. त्या कामाला १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इजा झालेल्या ठिकाणी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार करते आणि त्यांच्यामुळे सूज, वेदना व ताप येतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक ही औषधे ते तयार होणेच अडवतात. गुडघ्यात हे उपयोगाचे ठरते. अडचण अशी की हेच पदार्थ जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडातला रक्तप्रवाहही सांभाळतात, आणि औषधाला गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठले हे कळत नाही.

मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळण व्हायला आत पुरेसा दाब लागतो. शरीरात पाणी पुरेसे असते तेव्हा या यंत्रणेला प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज पडत नाही, म्हणूनच घरी घेतलेल्या चार गोळ्यांनी मावशींना काही झाले नाही. शरीर कोरडे पडले की मात्र चित्र बदलते. तेव्हा आत येणारी वाहिनी रुंद ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करतात आणि बाहेर जाणारी वाहिनी आवळून दाब टिकवण्याचे काम अँजिओटेन्सिन नावाचा दुसरा पदार्थ करतो. दुखण्याच्या गोळीने पहिली सोय काढून घेतली. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या टेल्मिसार्टनने दुसरी काढून घेतली. हायड्रोक्लोरोथायझाइडने, उपासाने, उन्हाने आणि जुलाबाने मुळातले पाणीच कमी केले होते. धरणाची पातळी खाली गेलेली असताना कालव्याचे वरचे दार लावून घ्यावे आणि खालचे उघडून टाकावे, तसे झाले. मधल्या टप्प्यात दाब उरलाच नाही.

या तीन औषधांचा संगम धोक्याचा आहे हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे, आणि दुखण्याची गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात हा धोका अधिक असतो. तिन्ही औषधे एकेकटी पाहिली तर रोजच्या वापरातली आहेत. माझ्या दुकानात ती एकाच कपाटात नसतात, पण एकाच पिशवीत घालून रोज कित्येक घरी जातात.

'जेवणानंतर' या शब्दाबद्दल

या प्रकरणात मावशींच्या पोटाला काही झाले नाही हा केवळ योग होता, म्हणून या शब्दावर थोडे थांबतो. जेवणानंतर घेतली की गोळी 'बाधत नाही' ही समजूत इतकी पक्की आहे की अनेकांना ती एकच अट वाटते. अन्नामुळे जळजळ व मळमळ कमी होते हे खरे आहे. पण जठरात व्रण होतो तो गोळी अस्तराला टेकल्यामुळे तेवढा नाही, तर ती रक्तात जाऊन अस्तराचे संरक्षण काढून घेते म्हणून. त्यामुळेच इंजेक्शननेही व्रण होऊ शकतो, आणि भरपेट जेवलेल्या माणसालाही. साठी उलटलेल्यांना, पूर्वी व्रण झालेल्यांना, रक्त पातळ ठेवणारी औषधे किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. पॅन्टोप्राझोल त्यासाठी असते. मावशींनी ते 'पित्त नाही' म्हणून सोडले, आणि तसे सोडणारे दहांत सात-आठ तरी मला भेटतात, कारण आपणच त्याचे नाव 'पित्ताची गोळी' ठेवले आहे. व्रण पुष्कळदा न दुखता वाढतो आणि पहिल्यांदा दिसतो तो काळ्या शौचातून किंवा रक्ताच्या उलटीतून. जळजळ नसणे ही खूण मानून ते औषध सोडता येत नाही.

जाता जाता आणखी एक. काही गोळ्यांवर आतड्यात जाऊनच विरघळणारे आवरण असते. डायक्लोफेनॅकच्या अनेक गोळ्या अशा असतात. गिळायला मोठी वाटते म्हणून अशी गोळी तोडली किंवा कुटून मधात दिली की आवरणाचा उपयोग संपतो.

काउंटरवर काय चुकले

मावशींचा मुलगा सुट्टीचे कागद घेऊन जुलैत दुकानात आला तेव्हा तो भांडायला आला आहे असे मला वाटले होते. तो फक्त विचारायला आला होता की आता आईला बीपीची कोणती गोळी द्यायची. मी कागद वाचले आणि बिलाची नोंद काढून पाहिली. तारीख ३ जून, नग ३०. चिठ्ठीत १४.

चिठ्ठीपेक्षा जास्त गोळ्या देणे हा नियमभंग आहे, आणि त्याला 'रुग्णाची सोय' म्हणण्याची आमच्या व्यवसायातली सवय मला आता लंगडी वाटते. पण या प्रकरणात माझी मोठी चूक ती नव्हती असे माझे मत आहे. चौदाच दिल्या असत्या तरी त्या वारीतच गेल्या असत्या, आणि एकादशीचा दिवस व वाल्ह्याचे जुलाब पहिल्या आठवड्यातच आले. चूक ही की मावशींनी मला 'वाटंत' असा शब्द उच्चारला आणि मी तो ऐकून पाकिटे मोजली. त्या एका शब्दात उन्हाचे, उपासाचे, कमी पाण्याचे आणि चारच्या चहाचे सगळे दिवस होते. त्यांची बीपीची गोळीही माझ्याच दुकानातून जात होती. तिच्यात काय आहे हे डॉक्टरांखालोखाल मला माहीत होते. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे काम आहे, आणि परिणाम व दुष्परिणाम मला तोंडपाठ आहेत. पण मी 'जेवणानंतर, दोन वेळा' एवढे बोललो, जे चिठ्ठीवर लिहिलेलेच होते.

या घटनेची नोंद मी भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाकडे केली. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून हा कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. ज्ञात दुष्परिणाम कळवून काय उपयोग, असे माझ्या एका सहव्यावसायिकाने विचारले. तीन औषधे एकत्र घेतली गेली होती ही गोष्ट तरी कुठेतरी एका कागदावर यावी, एवढाच माझा हेतू होता.

तेव्हापासून दुखण्याच्या गोळीची चिठ्ठी आली की मी आधी विचारतो की ही गोळी कोणत्या दिवसांत घेणार आहात. लग्नघर, ऊसतोड, वारी, रोजे, नवरात्र, प्रवास, अशी उत्तरे येतात. मग विचारतो की दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि त्या पिशवीतून काढून दाखवायला सांगतो, कारण 'बीपीची' या शब्दावरून काहीच कळत नाही. पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव पेनने अधोरेखित करून देतो, म्हणजे दुसरे पाकीट हातात आले तर निदान अक्षरे जुळवून पाहता येतील. आणि एक सूचना गोळ्यांच्या पिशवीवर मराठीत लिहितो. जुलाब, उलटी किंवा जेवण-पाणी बंद झाले तर दुखण्याची गोळी त्याच क्षणी थांबवायची, बीपीच्या गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचे, आणि ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाने, म्हणजे मोठे असेल तर एक लिटर पाण्यात, कालवून प्यायचे. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करा असे मी सांगत नाही. ते सांगितले तर पुढच्या वर्षी अर्धांगवायूचे प्रकरण लिहावे लागेल. पण 'कधीच चुकवू नका' हे वाक्य आता मी त्याच रूपात वापरत नाही.

पुढचे वर्ष

मावशी २०२४ ला पुन्हा जाणार हे उघड होते. त्यांना जाऊ नका म्हणणे हा वेळेचा अपव्यय होता. मे महिन्यात मुलगा त्यांना घेऊन त्याच अस्थिरोगतज्ज्ञांकडे आणि एका फिजिशियनकडे गेला, आणि या वेळी वारीचे सांगूनच बोलणी झाली. बीपीसाठी अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केले गेले, तेही महिनाभर आधी, म्हणजे नव्या गोळीचा दाबावर काय परिणाम होतो हे घरीच कळेल. निघण्यापूर्वी क्रिएटिनिन पाहिले, ते ०.९ होते. तोंडाने घ्यायचे सूज उतरवणारे औषध वारीपुरते पूर्ण बंद ठरले. त्याऐवजी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, गरजेनुसार दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. आणि गुडघ्यावर लावायला डायक्लोफेनॅकचे जेल, ज्यातले औषध रक्तात जाते ते गोळीच्या तुलनेत फारच थोडे, आणि गुडघ्यासारख्या त्वचेजवळच्या सांध्यावर ज्याचा चांगला उपयोग होतो. तेही जुलाब-उलटी झाल्यास थांबवायचे होते. जेलवर दुसरा बाम चोळायचा नाही, वरून घट्ट पट्टी बांधून शेक द्यायचा नाही, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही, एवढे मी जोडले.

पॅरासिटामॉलने तेवढे बरे वाटणार नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले. झिजलेल्या गुडघ्यात त्याचा परिणाम माफकच असतो. ती उणीव चालणे कमी करून भरायची होती. दिवे घाट गाडीने, आणि रोजचा टप्पा जमेल तेवढाच. यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "घाट गाडीनं, पण रिंगण चालत."

त्यांच्या नातवाने वहीचे एक पान उभे-आडवे आखून दिले होते, रोजची तिथी, मुक्काम, सकाळी काय, रात्री काय. दिंडी परतल्यावर मावशी ते पान, जेलची पिळून सपाट झालेली ट्यूब आणि पॅरासिटामॉलच्या उरलेल्या चार गोळ्या घेऊन दुकानात आल्या. पान घामाने मऊ झाले होते. दशमीच्या रकान्यात दोन गोळ्यांच्या खुणा होत्या. सासवडच्या ओळीत, एकादशीपुढे, नातवाने आधीच 'मलम' आणि 'पाणी' असे दोनच शब्द लिहून ठेवले होते, आणि 'पाणी'पुढे मावशींनी पेन्सिलीने आठ काट्या ओढल्या होत्या.